‘प्रोबेट टाळा’ पॅकेज घेतलं, त्याचा हिशेब

आधी गुण सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण मृत्युपत्र करून देणाऱ्या आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरचा कोर्टाचा शिक्का, टाळून देतो म्हणणाऱ्या सेवांच्या पाट्या आता स्टेशनबाहेर जागोजागी लागल्यात आणि पाटीवर जे लिहिलेलं असतं ते एक, आत मिळतं ते भलतंच. कधी वाईट, कधी चक्क चांगलं.

ऑफिसचं नाव मुद्दाम देत नाही. तिघांचा कारभार आहे: एक वकीलबाई, नोंदणीच्या कामात केस पिकलेले एक काका आणि फोनवर बोलणारी एक मुलगी. नाव घालून लिहिलं की कौतुकाची जाहिरात होते आणि तक्रारीचं भांडण. मला दोन्ही नको.

काम असं होतं. आईचं मुलुंडला घर आहे, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ते तिच्यामागे मला आणि दादाला विनाकटकट मिळावं. मी ठाण्यात, दादा नाशकात. आमच्यात भांडण नाही, पण ‘भांडण नाही’ हा काही सोसायटीला दाखवायचा कागद नव्हे. पॅकेजमध्ये मृत्युपत्राचा मसुदा, त्याची नोंदणी, सोसायटीतलं नामनिर्देशन (नॉमिनेशन) आणि सगळ्या कागदांची लावलेली फाइल, एवढं होतं. फी १८ हजार, सरकारी शुल्क वेगळं.

एवढ्यासाठी माणूस १८ हजार का मोजतो, हे कळायला बाबांच्या वेळचं थोडं सांगायला हवं. बाबांनी मृत्युपत्र केलं होतं. स्वतःच्या अक्षरात, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट, घर आईला. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण घर मुंबईत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधलं कलम २१३ आणि त्याच्या जोडीचं कलम ५७ यांच्यामुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांच्या हद्दीत हिंदू माणसाच्या मृत्युपत्रावर हक्क शाबीत करायचा तर प्रोबेट लागायचं. म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. सोसायटीने तेच मागितलं आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्यांचं चूक नव्हतं. मग उच्च न्यायालयात अर्ज, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र (तो साक्षीदार मुलाकडे नागपूरला राहायला गेलेला), नोटिसा, मुदती. कोर्ट फी जास्तीत जास्त ७५ हजार, हे ऐकायला बरं वाटतं. वकिलाच्या फीला अशी वरची मर्यादा नसते. त्या सगळ्या काळात देखभाल खर्चाची बिलं बाबांच्याच नावाने येत होती आणि आई ती पुढे-मागे उलटून पाहून नाव वाचायची.

यातली गंमत अशी की हाच फ्लॅट चेकनाक्याच्या पलीकडे, ठाण्याच्या हद्दीत असता आणि मृत्युपत्रही ठाण्यातच केलेलं असतं, तर प्रोबेट लागलं नसतं. दुसरी गंमत याहून कडू: बाबांनी मृत्युपत्र केलंच नसतं, तरी प्रोबेट लागलं नसतं. मृत्युपत्रच नाही तर शिक्का कशावर मारणार? पहिल्या वर्गाचे वारस म्हणून आई, दादा आणि मी, तिघांनी आपसात दस्त करून मोकळं होता आलं असतं. म्हणजे व्यवस्थित वागणाऱ्या माणसाच्या कुटुंबाला मुंबईत वर्षानुवर्षं जास्तीचा हेलपाटा होता.

‘होता’ असं लिहितेय, कारण डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन आणि सुधारणा कायद्यातून कलम २१३ काढूनच टाकलं. मुंबईतल्या घरासाठी प्रोबेटची सक्ती आता नाही. हवं असेल तर घेता येतं, पण घेतल्याशिवाय हक्क सांगता येत नाही ही अट गेली.

आणि इथेच पहिला अर्धा गुण कापला. मी चौकशी केली तेव्हा कायदा बदलून गेलेला होता, तरी यांच्या पत्रकावर लाल अक्षरात ‘प्रोबेटच्या चक्रातून आपल्या मुलांना वाचवा’ हेच ठळक. फोनवरच्या मुलीला मी विचारलं, ‘सक्ती तर गेली ना?’ तर ती म्हणाली, ‘हो मॅडम, पण रिस्क कशाला घ्यायची?’ कसली रिस्क, ते तिच्यापाशी नव्हतं. लगेच दुसरं पान उघडलं: ‘त्यापेक्षा बक्षीसपत्र करून टाका. २०० रुपयांत घर तुमच्या नावावर. मृत्युपत्र नको, प्रोबेट नको, काहीच नको.’

हे २०० रुपयांचं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. खोटं नाही, अर्धं आहे. महाराष्ट्रात आईवडिलांनी मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे खरं. नातवंडांना, नवऱ्याला, बायकोला आणि दिवंगत मुलाच्या बायकोलाही ही सवलत आहे. पण महापालिकेच्या हद्दीत त्यावर अधिभार बसतो आणि तो रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, किमतीवर टक्क्यांत असतो. मुंबईतल्या घराची रेडी रेकनरची किंमत धरा आणि त्याचा एक टक्का काढून बघा, म्हणजे २०० रुपये कुठल्या कुठे जातात ते दिसेल. शिवाय यांच्या दरपत्रकात बक्षीसपत्राचं पॅकेज ३५ हजारांचं होतं, मृत्युपत्राचं १८. मुलगी उत्साहाने का बोलत होती, हे वेगळं सांगायला नको.

दादा मात्र त्या २०० रुपयांवर भाळला होता. ‘एकदाच करून टाकू, नंतरची कटकट नाही.’ वहिनीचंही तेच मत. मी गप्प होते, कारण घर आईचं आणि बोलत होतो आम्ही.

पहिल्या बैठकीला वकीलबाई स्वतः घरी आल्या. तिसरा मजला चढून आल्या, पाणी प्यायल्या आणि पिशवीतून कागद काढायच्या आधी आम्हा दोघांना म्हणाल्या, ‘तुम्ही जरा खाली चक्कर मारून या. मला काकूंशी एकटीशी बोलायचंय.’ दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. तो म्हणाला, ‘आमच्यात लपवाछपवी नाही हो.’ त्या म्हणाल्या, ‘चांगलंच आहे. तरी या जाऊन.’ मग आम्ही खाली गेलो, चहाच्या टपरीवर उभे राहिलो, आणि दादा पूर्णवेळ या बाईंची फी कोण देतंय यावर बोलत राहिला.

साडेतीन गुणांतले दोन या चकरेचे आहेत.

आत काय झालं, ते आईने नंतर हप्त्याहप्त्याने सांगितलं. बाईंनी घराबद्दल आधी विचारलंच नाही. औषधांचे पैसे कोण देतं? बँकेचं पासबुक कुणाकडे असतं? उद्या अंथरुणाला खिळलात आणि बाई ठेवायची वेळ आली, तर पैसा कुठून येणार, घर विकावं लागलं तर विकू देणार का? मुलांपैकी कुणी तुमच्या आधी गेलं तर त्याचा वाटा कुणाला? हा प्रश्न विचारताना म्हणे त्यांनी आधी ‘वाईट वाटून घेऊ नका’ असं म्हटलं आणि आई म्हणाली, ‘वाईट काय वाटायचंय, मला रात्री हेच विचार येतात.’

आणि मग आईने मावशीचं नाव घेतलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शिवणकाम करून राहिली, बाबा गेल्यापासून आईकडेच असते. आमच्या दोघांच्या बोलण्यात मावशीचा विषय कधी निघाला नव्हता. ती घरात असते, जशी घरात दिवाणाशेजारी शिलाई मशीन असते. आईच्या मनात मात्र पहिल्यापासून तेच होतं. तिला घर मुलांनाच द्यायचं होतं, पण मावशी आहे तोवर तिला कुणी ‘आता तुझी सोय बघ’ म्हणू नये, एवढी हमी हवी होती. आम्हाला सांगायला ती संकोचत होती. मुलांवर विश्वास नाही असा अर्थ निघेल, म्हणून.

२०० रुपयांच्या बक्षीसपत्रात हे बसलं नसतं का? बसवता येतं, बाईंनी सांगितलं. हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून बक्षीसपत्र करता येतं, सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलेलं आहे. पण त्यांचं म्हणणं साधं होतं: बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्या दिवसापासून मुलांचं. आईचा विचार बदलला तर परत घेणं तिच्या एकटीच्या हातात राहत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. पण म्हातारपणी न्यायाधिकरणात जाऊन पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायचा, हा उपाय कागदावरच बरा. दुसरं म्हणजे, दिलेलं घर मुलाचं झालं आणि मुलगाच आधी गेला, तर त्याचा वाटा त्याच्या वारसांत जाणार: बायको, मुलं आणि आई. म्हणजे आईने दिलेल्या घरातलाच एक तुकडा फिरून आईकडे यायचा, आणि बाकीच्यासाठी सुनेशी बोलणी. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा फाडून नवीन करता येतं. आईला हे शेवटचं वाक्य सर्वांत आवडलं. ‘म्हणजे माझ्या हातात राहील ना?’ एवढंच तिने दोनदा विचारलं.

दादाला खालून बोलावून हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ घुश्शात होता. मावशीच्या मुद्द्यावर मात्र तो एक शब्द बोलला नाही, आणि वहिनीला त्यानेच फोन करून सांगितलं. नोंद म्हणून लिहून ठेवते.

३५ हजारांचं काम स्वतःच्या हाताने सोडून १८ चं घेतलं, याबद्दल बाईंना पूर्ण मार्क. त्यांच्याच ऑफिसातली मुलगी फोनवर उलटं सांगते, याबद्दल त्यांनाच विचारलं, तर ‘ती नवीन आहे’ म्हणाल्या. असेल.

आता मसुदा. इथे एक गुण सरळ गेला.

मसुदा मोबाइलवर पीडीएफ म्हणून आला. सुरुवात नेहमीसारखी, ‘मी खाली सही करणार, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ वगैरे. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, ‘अक्कलहुशारीने, हे मीच माझ्याबद्दल लिहायचं?’ इथवर ठीक. चौथ्या परिच्छेदात ‘माझ्या मालकीची गट क्रमांक अमुक अमुक येथील शेतजमीन’ अवतरली. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर वांग्याचं वाफंही नाही. दुसऱ्या कुणाचा तरी मसुदा उचलून आमचा बनवला होता आणि त्याची जमीन आमच्याकडे राहून गेली होती. त्या माणसाचं गाव, गट क्रमांक, क्षेत्रफळ, सगळं मला कळलं. मग आमचं कुणाला कळलं असेल? बाईंनी माफी मागितली, मजकूर त्याच दिवशी दुरुस्त झाला, पण असल्या कामात ही चूक म्हणजे डॉक्टरने दुसऱ्याचा एक्स-रे हातात द्यावा तसं आहे.

आणखी दोन चुका मी पकडल्या. सोसायटीचं नाव जुन्या करारनाम्यात एक आणि नोंदणी दाखल्यावर दुसरं आहे; मसुद्यात जुनं आलं होतं. आणि आईचं नाव. आधारवर सासरचं पूर्ण नाव आहे, भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) मधलं नाव नुसतं आद्याक्षराने. हे सगळ्यांच्याच घरात असतं आणि सगळेच ‘चालतं हो’ म्हणतात. काका मात्र या बाबतीत कडक निघाले. त्यांनी मृत्युपत्रातच ‘उर्फ’ घालून दोन्ही नावं लिहून घेतली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं पत्र आणवलं. पुढे ज्याला हे कागद दाखवायचेत त्याच्या डोक्यातून त्यांनी विचार केला. हा अर्धा गुण काकांचा.

साक्षीदारांबद्दलही काकांनी बजावलं: दोघंही आईपेक्षा वयाने लहान हवेत, घरात वाटा मिळणारं कुणी नको, आणि शोधून सापडतील असे हवेत. बाबांच्या वेळच्या नागपूरच्या साक्षीदाराची गोष्ट सांगितल्यावर ते नुसते हसले. एक साक्षीदार आमचे फॅमिली डॉक्टर झाले. आई पूर्ण शुद्धीत आणि समजून-उमजून सही करतेय असं प्रमाणपत्रही त्यांनीच दिलं. ते सक्तीचं नाही, पण मृत्युपत्राला आव्हान देणारा पहिलं बोट तिथेच ठेवतो.

नोंदणीचा दिवस. मृत्युपत्राची नोंदणी करायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. साध्या कागदावरचं, दोन साक्षीदारांचं मृत्युपत्रही वैधच. मुद्रांक शुल्क तर लागतच नाही. तरी नोंदवावं या मताची मी आहे, कारण नोंदवलेला कागद हरवत नाही. शुल्क १०० रुपये, शिवाय दस्त हाताळणीचे पानामागे थोडे पैसे. म्हणजे सरकारला काहीशे रुपये आणि यांना १८ हजार. हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचा.

पत्रकावर ‘घरी येऊन नोंदणी’ असं छापलेलं होतं. आजारी किंवा अशक्त माणसासाठी नोंदणी अधिकाऱ्याने घरी यायची सोय कायद्यात आहेच, त्यामुळे मला ते खरं वाटलं. प्रत्यक्ष विचारल्यावर ‘त्याची तारीख लवकर मिळत नाही, काकूंना रिक्षातून घेऊन या’ असं उत्तर. गुडघे धरून आई तीन मजले उतरली. ज्या सोयीचा भरवसा देता येत नाही ती पत्रकावर छापू नये, इतकं साधं आहे हे. बाकी माहिती आधीच ऑनलाइन भरलेली होती, टोकन तयार होतं, त्यामुळे बाकड्यावर फार बसावं लागलं नाही. हे श्रेय काकांचं.

अंगठ्याचं मात्र फार झालं. आईचा अंगठा यंत्राला दिसेचना. आयुष्यभर भांडी, चिंच, पितांबरी. रेषा उरल्यात कुठे? ऑपरेटर म्हणाला, ‘आजी, जोरात दाबा.’ आईने दाबला. नाही. पदराने पुसून दाबला. नाही. काकांनी खिशातून छोटी व्हॅसलिनची डबी काढली, बोटाला किंचित लावली, रुमालाने टिपली आणि म्हणाले, ‘आता नुसता ठेवा, दाबू नका.’ यंत्राने हिरवा दिवा दाखवला. तिकडे दुसऱ्या बाकड्यावरच्या एका आजोबांनी लगेच डबी मागितली. ती डबी काका नेहमी जवळ बाळगतात, असं त्यांनी सांगितलं. अठरा हजारांच्या पॅकेजमध्ये डबी लिहिलेली नव्हती, लिहायला हवी.

परत येताना आईने रिक्षात विचारलं, ‘आता हे कुणालाही कॉम्प्युटरवर बघता येईल का?’ बघता येत नाही. मृत्युपत्रं नोंदणी कार्यालयात वेगळ्या पुस्तकात, क्रमांक ३ च्या, नोंदली जातात आणि करणारा हयात असेपर्यंत प्रत त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. खरेदीखतासारखा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढून बघण्याचा प्रकार इथे नाही. हे कळल्यावर ती मोकळी झाली. कुणाची भीती होती, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सोसायटीतलं नामनिर्देशन हा पॅकेजमधला सर्वांत बिनखर्ची आणि लोक सर्वांत जास्त टाळतात तो भाग. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतला (मॉडेल बाय-लॉजमधला) ठरलेला नमुना आहे, तीन प्रतींत भरायचा, व्यवस्थापक समितीच्या सभेत नोंद झाली की एक प्रत शिक्क्यासह परत. आमचे सेक्रेटरी म्हणाले, ‘मृत्युपत्र आहे ना, मग हे कशाला?’ आणि शेजारचे काका नेमकं उलटं म्हणाले: ‘नामनिर्देशन आहे ना, मग मृत्युपत्र कशाला?’ दोघांनाही एकच उत्तर आहे. नामनिर्देशित माणूस मालक होत नाही. सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये जे प्रकरण घातलं त्यात हे लिहिलेलंच आहे: खरे वारस किंवा मृत्युपत्राने हक्क मिळालेला माणूस सभासद होईपर्यंत नामनिर्देशित हा तात्पुरता सभासद. शेअर्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे असंच सांगितलं. पण नामनिर्देशन असलं की सोसायटीचं दार उघडं राहतं, बिलं कुणाला पाठवायची हे ठरतं, आणि वर्तमानपत्रात नोटीस देऊन ‘कुणाचा दावा आहे का’ विचारत बसावं लागत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की सोसायटीने मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी आपसात केलेला कुटुंब व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे घर हस्तांतरित करायचं. म्हणून आईचं मृत्युपत्र आणि आम्हा दोघांचं निम्मं-निम्मं नामनिर्देशन, दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली आहे. वेगवेगळं लिहिलं की भांडणाला दार उघडं. आणखी एक: वारसाने घर आलं तर सोसायटीला हस्तांतरणाचा अधिमूल्य आकार (ट्रान्सफर प्रीमियम) घेता येत नाही. तो २५ हजार मागणारे सेक्रेटरी मी पाहिलेत.

हे सगळं स्वतः करता आलं असतं का? नमुना भरणं आणि नोंदणी, नक्कीच. एकच मूल, एकच घर आणि मावशीसारखी कुणी घरात नसेल, तर १८ हजार खर्च करू नका. मजकूर साध्या मराठीत लिहा, दोन साक्षीदार आणा, कार्यालयात जा. घरात दोनपेक्षा जास्त वारस असतील, कुणी परदेशात असेल, कुणाचं दुसरं लग्न असेल किंवा आईवडिलांच्या मनात असं काही असेल जे ते मुलांसमोर बोलत नाहीत, तर तिऱ्हाईत माणूस हवा. आणि त्या तिऱ्हाईताने पहिल्या भेटीत मुलांना खोलीबाहेर घालवलं नाही, तर दुसरा बघा. तुमच्या घरात आधीच कोर्टकचेरी सुरू असेल तर मात्र ‘प्रोबेट टाळा’ हा सल्लाच ऐकू नका. सक्ती गेली म्हणून त्याचा उपयोग गेला नाही. भावाभावांत संशय असेल तेव्हा कोर्टाच्या शिक्क्याइतकं दुसरं काही टिकत नाही, आणि उद्या घर विकताना समोरच्या बँकेने मागितलं तर तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आधी घेतलेलं बरं.

फाइल छान लावून दिली. मूळ मृत्युपत्र आईच्या लोखंडी कपाटात, एक प्रत दादाकडे, एक माझ्याकडे. अनुक्रमणिकेवर कुठला कागद कुठे आहे ते मोठ्या अक्षरात, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. नामनिर्देशनाची शिक्का मारलेली प्रत, भाग दाखल्याची छायाप्रत, बाबांच्या प्रोबेटचा आदेश, सगळं एका जागी.

राहता राहिला हिशेब. पक्क्या बिलात ‘इतर कार्यालयीन खर्च, रुपये २०००’ अशी एक ओळ आहे. कसला, विचारलं, तर मुलगी म्हणाली, ‘ते असतंच, मॅडम.’ काकांना विचारलं, तर त्यांनी विषय बदलून आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी मृत्युपत्राच्या नोंदणीचं शुल्क आणि पानांचे पैसे यांच्या पावत्या जोडून त्यांना लेखी कळवलंय की या २००० ची पावती द्या नाहीतर रक्कम परत करा. अजून उत्तर नाही. पावती आली तर साडेतीनचे चार करीन; पैसे परत आले तरीही.